सुक्या बेरीचा खोका बंदरात का अडकतो? परदेशातून खाद्यमाल मागवण्याआधी एवढे समजून घ्या

माझ्या बहिणीच्या मुलाची छोटी बेकरी आहे. नानखटाई, टोस्ट, खारी, आणि आता नव्या पिढीच्या आवडीचे कप केक, ग्रॅनोला बार वगैरे. मागच्या वर्षी रमजानच्या तीन महिने आधी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "खाला, या वेळी केकमध्ये आणि शीरखुर्म्याच्या पाकिटात क्रॅनबेरी टाकायची आहे. इथे महाग पडते. दुबईचा एक व्यापारी स्वस्तात देतोय. अर्धा टन मागवतो."

मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, व्यापारातले मला काय कळणार? मी एवढेच विचारले, "कागद बघितलेस का?" तो म्हणाला, "एजंट आहे ना, तो बघेल."

माल आला आणि न्हावा शेवा बंदरात अडकला. कारण ऐकून माझा विश्वास बसेना. माल किडका नव्हता, सडका नव्हता. खोक्यावर फक्त "ड्राइड क्रॅनबेरी, १० किलो" एवढेच छापलेले होते. माल कधी बनला, कधीपर्यंत चांगला राहील, कोणत्या लॉटचा आहे, यातले काहीच नाही. व्यापाऱ्याने मूळ खोक्यांतून माल काढून साध्या खोक्यांत भरून पाठवला होता. तारीख ई-मेलमध्ये होती, खोक्यावर नव्हती. असा माल आत येऊ शकत नाही, आणि ही चूक नंतर स्टिकर लावून सुधारताही येत नाही. शेवटी माल नष्ट करावा लागला. सव्वातीन लाखांचा माल, वर गोदामाचे भाडे. त्यात माझ्या बहिणीच्या बांगड्या गहाण होत्या.

त्यानंतर मी हे नियम बसून वाचले, एका ओळखीच्या क्लिअरिंग एजंटला प्रश्न विचारले. आपल्या समाजात सुकामेवा, मसाला, बेकरी, मिठाई या धंद्यात खूप लोक आहेत. आखातात नातेवाईक आहेत, त्यामुळे "तिकडून मागवू" हा विचार लवकर सुचतो. म्हणून जे समजले ते इथे मांडते.

सुके म्हणजे सुरक्षित नव्हे

आपल्याला वाटते की वाळवलेल्या वस्तूला काय होणार? आपल्या आजीने बोरे वाळवली, आमसुले केली, कुणाला काही झाले नाही. यात अर्धे सत्य आहे. पाणी कमी झाले की जंतू वाढत नाहीत. पण वाढत नाहीत म्हणजे मेले असे नाही. साल्मोनेलासारखे जीवाणू कोरड्या पदार्थात महिनोन्‌महिने गप्प पडून राहू शकतात. पोटात गेले की जागे होतात. विषाणूंचेही तसेच. आजकाल "फ्रीझ ड्राय" बेरी मिळतात. त्यात फळ आधी गोठवतात आणि मग निर्वात जागेत त्यातले पाणी काढतात. या सगळ्या प्रक्रियेत फळ उकळले जात नाही, त्यामुळे त्यावर विषाणू असेल तर तो टिकण्याची शक्यता राहते.

याचे मोठे उदाहरण जर्मनीचे आहे. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीत जवळपास ११ हजार लोक उलट्या-जुलाबाने आजारी पडले. त्यात बहुतेक शाळकरी मुले होती. शाळांच्या जेवणात चीनमधून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरी वापरल्या होत्या आणि त्यात नोरोव्हायरस होता. ज्या स्वयंपाकघरांत ती फळे नीट शिजवली गेली, तिथली मुले वाचली. माल गोठवलेला होता, वाळवलेला नव्हता, पण धडा एकच. बेरी नाजूक असते, हाताने तोडली जाते, तिला साल सोलून खात नाहीत. शेतातले पाणी घाण असेल किंवा तोडणाऱ्याचे हात घाण असतील, तर ती घाण थेट आपल्या ताटात येते. एका ठिकाणची चूक हजारो मुलांपर्यंत जाते.

दुसरा धोका बुरशीचा. फळ नीट वाळले नाही किंवा दमट गोदामात पडून राहिले की बुरशी धरते. काही बुरशा विष तयार करतात. सुक्या अंजिरात अफ्लाटॉक्सिन आणि मनुकांमध्ये ऑक्राटॉक्सिन या विषांसाठी जगभर तपासणी होते. अफ्लाटॉक्सिन बरीच वर्षे पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे विष डोळ्याला दिसत नाही आणि भाजल्याने, शिजवल्याने पूर्ण जात नाही. ते फक्त लॅबमध्ये कळते.

तिसरा धोका रसायनांचा. शेतात फवारलेली कीटकनाशके आणि रंग टिकावा म्हणून दिलेली गंधकाची धुरी. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

चौथा अगदी साधा: खडे, देठ, काच, धातूचा तुकडा. लहान मुलाच्या केकमध्ये खडा निघाला तर नाव बेकरीवाल्याचे जाते, दुबईच्या व्यापाऱ्याचे नाही.

आधी ओळखा: तुमची बेरी नेमकी कोणती?

"ड्राय बेरी" हा शब्द फार ढिला आहे. बाजारात या नावाखाली बऱ्याच वस्तू येतात.

क्रॅनबेरी बहुतेक अमेरिका, कॅनडा आणि चिलीमधून येते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्य यात सर्वांत पुढे आहे. हे फळ इतके आंबट असते की नुसते वाळवून कुणी खात नाही. ते कापून साखरेच्या पाकात मुरवतात, मग वाळवतात आणि एकमेकांना चिकटू नये म्हणून वर थोडे सूर्यफुलाचे तेल लावतात. म्हणजे आपण जिला सुकी क्रॅनबेरी म्हणतो तिच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखरच असते. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर "फळच आहे, खा" असे म्हणू नका.

जिरिश्क म्हणजे इराणी आंबट बेरी. ती खुरासानच्या दक्षिण भागात, काइन आणि बिरजंदच्या आसपास होते. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या बेरी पुलावामुळे ती आपल्याकडे ओळखीची झाली. ती बहुतेक वेळा साखर न घालता वाळवलेली असते. अफगाणिस्तानातून वाळवलेले पांढरे तूत येतात. ब्लूबेरी, गोजी बेरी आता ऑनलाइन दुकानांत दिसतात. आणि वनस्पतिशास्त्राच्या भाषेत द्राक्ष हीसुद्धा बेरीच, म्हणून आपले तासगाव-सांगलीचे बेदाणे याच घराण्यातले.

ही ओळख का महत्त्वाची? कारण कस्टमचा कोड त्यावर ठरतो. नुसते वाळवलेले फळ साधारणपणे आठव्या प्रकरणात बसते. साखरेत मुरवलेले फळ विसाव्या प्रकरणात, तयार किंवा टिकवलेल्या फळांत जाते. कोड बदलला की शुल्क बदलते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेसोबतच्या वादावर तोडगा निघाला, तेव्हा भारताने क्रॅनबेरी आणि ब्लूबेरीवरचे शुल्क कमी करण्याचे जाहीर केले. ते ऐकून बरेच जण या धंद्यात उतरले. पण आजच्या तारखेला तुमच्या मालाला कोणता दर लागतो, हे मागणी नोंदवण्याआधी एजंटकडून लेखी घ्या. चुकीचा कोड टाकला तर फरकाची रक्कम आणि दंड दोन्ही तुमच्याच माथी.

आणखी एक गोष्ट. एखादे फळ किंवा त्याची पूड आपल्या देशाच्या अन्न-मानकांत कुठेच नसेल, तर ती "नवीन" वस्तू धरली जाते आणि तिला आधी वेगळी मंजुरी लागते. इंटरनेटवर चमत्कारी म्हणून विकली जाणारी एखादी अनोळखी बेरी थेट कंटेनरमध्ये भरू नका.

परवाने: माल निघण्याआधी हातात काय हवे

आपल्याकडे अन्नाचा मूळ कायदा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ हा आहे. त्याच्या २५ व्या कलमात आयातीची बंधने आहेत: असुरक्षित, कमी दर्जाचे किंवा चुकीच्या लेबलचे अन्न देशात आणता येत नाही. याखाली २०१७ मध्ये आयातीचे स्वतंत्र नियम आले. ते राबवणारी संस्था म्हणजे एफएसएसएआय.

साधी यादी अशी:

- आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. हा पॅन कार्डाशी जोडलेला असतो आणि डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो.
- एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना, आणि तोही "आयातदार" म्हणून. इथे आपले लोक फसतात. बेकरीचा परवाना किंवा छोट्या धंद्याची नोंदणी आहे म्हणून आयात करता येत नाही. उलाढाल कितीही छोटी असो, आयातीला केंद्रीय परवानाच लागतो. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर होतो.
- जीएसटी नोंदणी आणि बँकेचा एडी कोड.
- वनस्पती संगरोधाची बाजू. परदेशी कीड आपल्या शेतात येऊ नये म्हणून २००३ चा आदेश आहे. नुसत्या वाळवलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मालाला निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागू शकते, कधी धुरीचा दाखलाही. पाकात मुरवलेल्या मालाची गोष्ट वेगळी असू शकते. आपल्या नेमक्या मालाला काय लागते ते त्या कार्यालयातून आधीच विचारून घ्या. माल लाकडी पॅलेटवर येत असेल तर त्या लाकडावर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. तो नसेल तर बेरी चांगली असूनही लाकडापायी माल अडकतो.

माझ्या भाच्याकडे आयईसी होता, परवानाही त्याने काढला होता. म्हणजे कागदांत तो नापास नव्हता. नापास झाला तो खोक्यावर.

लेबल: काय सुधारता येते, काय येत नाही

नियम सांगतो की काही उणिवा बंदराच्या गोदामातच, न निघणारा एक स्टिकर लावून सुधारता येतात. आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण, या त्यातल्या मुख्य. परदेशी कारखाना ही भारतीय माहिती छापत नाही, म्हणून ही सोय ठेवली आहे.

पण बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, लॉट नंबर, या गोष्टी फक्त बनवणाऱ्यालाच माहीत असतात. त्या आयातदाराने नंतर चिकटवल्या तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून ती चूक सुधारता येत नाही. तपासणी अधिकारी आधी खोका डोळ्यांनी बघतो. तिथेच नापास झाला तर नमुना लॅबपर्यंत जातच नाही. माल परत पाठवा किंवा नष्ट करा.

मोठ्या खोक्यांसाठी, म्हणजे जो माल थेट ग्राहकाला विकायचा नाही, त्याला लेबलची थोडी सवलत आहे. काही माहिती सोबतच्या कागदांत चालते. पण मालाचे नाव, वजन, तारीख, लॉट, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि देश, एवढे खोक्यावरच आहे असे धरून चाला. "किरकोळ विक्रीसाठी नाही" असे शब्दही त्यावर हवेत.

आता उरलेल्या मुदतीचा नियम. माल आयात होताना त्याच्या एकूण मुदतीपैकी ६० टक्के, किंवा मुदत संपायला ३ महिने, यापैकी जे कमी असेल तेवढी मुदत तरी शिल्लक हवी. गणित करून बघू. मालाची एकूण मुदत १२ महिने आहे. ६० टक्के म्हणजे ७.२ महिने. ३ महिने त्याहून कमी, म्हणून किमान ३ महिने शिल्लक पाहिजेत. मुदतच ४ महिन्यांची असेल तर ६० टक्के म्हणजे २.४ महिने, म्हणून तिथे २.४ महिने पुरतात. "स्वस्तात देतो" म्हणणारा व्यापारी पुष्कळदा मुदत संपत आलेला मालच खपवत असतो. जहाज उशिरा आले, बंदरात आठवडा गेला, की तुम्ही रेषेच्या खाली.

गंधकाची धुरी आणि दम्याचे रुग्ण

सोनेरी मनुका, नारिंगी जर्दाळू इतके चमकदार का दिसतात? त्यांना सल्फर डायऑक्साइड दिलेला असतो. त्याने रंग टिकतो, बुरशी आणि कीड दूर राहते. मर्यादेत असेल तर कायद्याने चालते. कोडेक्स ही संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांची मानके ठरवणारी संस्था. तिच्या मानकात सुक्या फळांना किलोमागे १००० मिलिग्रॅम, ब्लीच केलेल्या मनुकांना १५०० आणि जर्दाळूला २००० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. युरोपात मनुकांनाही २००० पर्यंत मुभा आहे. म्हणजे "युरोपात चालतो, मग इथे का नाही?" हा युक्तिवाद इथे टिकत नाही. माल ज्या देशात येतो त्या देशाचा आकडा बघायचा.

सल्फाइट काही दमेकऱ्यांना सोसत नाही, श्वास लागतो. म्हणून आपल्या २०२० च्या लेबल नियमांत किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर लिहिणे बंधनकारक आहे. आणि ही जबाबदारी आयातदारापाशी संपत नाही. तुम्ही ती बेरी केकमध्ये घातली आणि केकमध्येही सल्फाइट तेवढे राहिले, तर तुमच्या केकच्या लेबलवरही ते आले पाहिजे. आपल्या मोहल्ल्यात इन्हेलर वापरणारी किती मुले आहेत, ते शिक्षिका म्हणून मी रोज बघते.

हलालचा प्रश्न: हिरवा ठिपका पुरे का?

फळ तर हलालच, मग प्रश्न कसला? प्रश्न फळाचा नाही, फळाला जे लावतात त्याचा आहे. मऊपणासाठी ग्लिसरीन घालतात. ते वनस्पतीचे असते तसे प्राण्याच्या चरबीचेही असू शकते. चव यावी म्हणून घातलेल्या फ्लेवरमध्ये अल्कोहोल वाहक म्हणून असू शकते. बेरीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत जिलेटिन असते. लाल रंगासाठी कारमाइन वापरले जाते, जे किड्यापासून बनते.

हिरवा ठिपका शाकाहारासाठी आहे. प्राण्याच्या चरबीबद्दल, जिलेटिनबद्दल तो काही प्रमाणात दिलासा देतो. पण अल्कोहोलबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून पुरवठादाराकडून प्रत्येक घटकाचा उगम लेखी मागा: ग्लिसरीन कशाचे, तेल कोणते, फ्लेवरचा वाहक कोणता. उत्तर आले की काय घ्यावे, काय टाळावे, ते आपापल्या आलिमांना विचारता येते. उत्तरच आले नाही तर तेही एक उत्तरच समजा. ज्याला आपल्या मालात काय आहे हे सांगता येत नाही, त्याचा माल आपण मुलांना का खाऊ घालावा?

बंदरात नेमके काय होते

माल पोचला की एजंट कस्टमकडे बिल ऑफ एंट्री भरतो. अन्नपदार्थ असेल तर ती माहिती ऑनलाइन एफएसएसएआयकडे जाते. प्रत्येक खोका तपासला जात नाही. धोक्याच्या अंदाजावरून कोणता माल तपासायचा ते ठरते. तपासणीला निवड झाली तर आधी कागद, मग डोळ्यांनी पाहणी, मग नमुना. नमुन्याचे दोन भाग करतात. एक लॅबला जातो, दुसरा राखून ठेवतात. लॅबने पाच दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पास झाला तर ना-हरकत मिळते. नापास झाला तर आयातदाराला ठरलेल्या मुदतीत फी भरून दुसऱ्या भागाची तपासणी वरच्या लॅबकडून मागता येते. हा तुमचा हक्क आहे, तो विसरू नका.

या सगळ्या दिवसांत मीटर चालू असतो. जहाज कंपनी आणि गोदाम काही दिवस मोफत देतात, नंतर रोजचे भाडे लागते. म्हणून हिशेब करताना मालाची किंमत, जहाजभाडे, विमा, शुल्क, जीएसटी, एजंट, लॅबची फी, याशिवाय "अडकला तर" म्हणून वेगळी रक्कम धरा. ती धरल्यावर नफा उरत नसेल तर तो सौदा मुळातच आपला नव्हता.

पैसे पाठवण्याआधी या सहा गोष्टी करा

१. ज्या खोक्यात माल येणार आहे, त्याच खोक्याच्या सर्व बाजूंचा फोटो मागवा. नमुन्याचे चित्र नको, खऱ्या खोक्याचा फोटो. तो एजंटला दाखवा. माझ्या भाच्याने एवढे एक काम केले असते तर बांगड्या वाचल्या असत्या.

२. त्या लॉटचा लॅब अहवाल मागा. अहवालावरचा लॉट नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच आहे ना, ते स्वतः बघा. दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच लॉटचा अहवाल काही कामाचा नाही.

३. मूळ कारखान्याच्या पॅकिंगमध्येच माल घ्या. मधल्या व्यापाऱ्याने पुन्हा भरलेला माल टाळा.

४. आधी थोडा नमुना मागवून इथल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून घ्या. सल्फर डायऑक्साइड, कीटकनाशके, बुरशीचे विष, साल्मोनेला, एवढे तरी.

५. करारात लिहून घ्या की लेबल किंवा दर्जामुळे माल नाकारला गेला तर खर्च कोणाचा. तोंडी "भाईजान, काळजी करू नका" याला बंदरात किंमत नाही.

६. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका.

माल आत आला की काम संपत नाही. कोरड्या, थंड जागेत, जमिनीपासून उंच ठेवा. कोणता लॉट कोणत्या दुकानाला दिला याची वही ठेवा. उद्या काही दोष निघाला तर माल परत बोलावण्याची जबाबदारी आयातदाराची असते, आणि ती वही नसेल तर कोणाला फोन करणार?

छोट्या धंद्यासाठी दुसरा रस्ता

अर्धा टन माल लागणाऱ्याने स्वतः आयात केलीच पाहिजे असे नाही. मुंबईत मस्जिद बंदर आणि वाशीच्या बाजारात परवानाधारक आयातदार आहेत. त्यांच्याकडून पक्क्या बिलावर, लॉटच्या अहवालासह माल घेतला तर किलोमागे थोडे जास्त पडतात, पण बंदराची जोखीम त्यांची असते. आणि बऱ्याच पदार्थांत क्रॅनबेरीची गरजच नसते. आपल्याच राज्यातले चांगले बेदाणे घातले तर केकची चव कमी होत नाही.

आखातातून येताना सामानात आणलेली पाच किलो बेरी घरच्यांना खाऊ घालणे वेगळे आणि पाकिटे भरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकणे वेगळे. विकायला सुरुवात केली की तुम्ही अन्न व्यावसायिक झालात आणि कायदा तुम्हाला लागू झाला. बऱ्याच बहिणी घरून हे काम करतात, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आणि आपण ग्राहक म्हणून?

पाकीट उलटे करून बघा. १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक आहे का? आयातदाराचे नाव-पत्ता आहे का? तारीख छापलेली आहे की वर दुसरा कागद चिकटवून झाकलेली आहे? साखर किती? सल्फाइट लिहिले आहे का? परवाना क्रमांक खरा आहे की नाही, ते फॉसकॉसवर कुणालाही बघता येते आणि तक्रारही ऑनलाइन करता येते. सुट्या मालाबद्दल दुकानदाराला विचारायला लाजू नका. लहान मुले, गरोदर बाई, आजारी माणूस यांच्यासाठी बेरी वापरायची असेल तर ती खिरीत, केकमध्ये, पुलावात चांगली गरम होऊ द्या. त्याने बुरशीचे विष जात नाही, पण जंतूंचा धोका कमी होतो.

माझा भाचा आता एका परवानाधारक आयातदाराकडून माल घेतो. कर्ज अजून फेडतोय. परवा त्याने मला फोनवर एका खोक्याचा फोटो पाठवला आणि विचारले, "खाला, तारीख नीट दिसते ना?" मी फोटो मोठा करून बघितला. तारीख होती, लॉट होता, कारखान्याचा पत्ता होता. मग मी लिहिले, "हो. आता अहवालावरचा नंबर जुळतो का ते बघ, मगच पैसे पाठव."